मातीच्या पोटातले नाणे

गुप्तधनाची ओढ माणसाला फार जुनी आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले, म्हणजे त्याला जमिनीतले मोहरांचे हंडे दिसतात, अशी समजूत आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. आज पायाळूची जागा धातुशोधक यंत्राने घेतली आहे. माणसाचा भाबडेपणा मात्र पूर्वीचाच आहे. यंत्र वाजले नाही, म्हणजे खाली काही नाही, असे तो खुशाल मानतो.

वास्तविक या यंत्राला दृष्टी नाही. त्याच्या टोकाशी तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत पालटणारा विद्युत्प्रवाह खेळविला, की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते नाण्याला भिडताच नाण्यात सूक्ष्म प्रवाह भोवऱ्यासारखे फिरू लागतात आणि त्यांचे उत्तर वेटोळ्याकडे परत येते. जाताना क्षीण होणारी ही हाक परतताना पुन्हा तितकीच क्षीण होते. म्हणून दूरच्या लहानशा नाण्याचे अंतर दुप्पट झाले, तर उत्तर निम्मे होत नाही. ते सुमारे 64 पटींनी क्षीण होते! सामान्य यंत्राची धाव सुट्या नाण्यापुरती साधारण वीतभरच असते, ती यामुळेच.

ही वीतही सर्वत्र सारखी नसते. मोठा रुपया जेथून कळतो, तेथून लहान पैसा कळत नाही. आडवे पडलेले नाणे सापडते, तर कडेवर उभे असलेले निसटते. शिवाय हिंगोली जिल्ह्यातील काळी जमीन काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यातील लोहयुक्त कण स्वतःच यंत्राला उत्तर देतात आणि त्या गलबल्यात नाण्याचा क्षीण स्वर बुडून जातो. उन्हाळ्यात याच जमिनीला खोल भेगा पडतात. वर पडलेले नाणे त्यांतून हातभर खालीही जाऊ शकते.

एका जागी खरे ठरलेले यंत्र दुसऱ्या जागी फसते, याचा अनुभव थोरांनाही आला आहे. 1881 साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असेच साधन योजले होते. प्रयोगांत ते उत्तम चालले; पण रुग्णशय्येपाशी गादीतील पोलादी स्प्रिंगांनी त्याला चकविले. अध्यक्षांच्या मृत्यूनंतर ती गोळी डॉक्टरांनी मानलेल्या जागेपासून दूर, शरीरात खोलवर आढळली.

मग खोलीची परीक्षा करावी कशी? ज्या मातीत शोध घ्यायचा, त्याच मातीत आपल्या ओळखीचे नाणे प्रथम चार बोटे खोल पुरावे. नंतर वीतभर, नंतर त्याहून खोल. एकदा आडवे, एकदा उभे. आवाज जेथे थांबेल, ती त्या यंत्राची त्या मातीतील सीमा. हवेत नाणे धरून घेतलेल्या मापावर विसंबू नये.

याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने 2023 साली मंजुरी दिली. अशा वेधशाळेतही आरशांना मोजून सूक्ष्म धक्के देतात आणि यंत्राची पारख करतात. साधन लहान असो वा मोठे, ज्ञाताची कसोटी लावल्यावाचून अज्ञाताचा शोध लागत नाही.

ज्याने सीमा मोजली नाही, त्याच्या यंत्राच्या मौनाला काहीच अर्थ नसतो. ज्याने ती मोजली, त्याचे यंत्र मुके राहिले तरी सांगते, “या वितीत असे नाणे नाही, त्याखालचे मला ठाऊक नाही.” एवढेच सांगते, पण खरे सांगते.