आट्यांत अडलेली हवा

जळगाव आणि धुळे येथील नेमबाज मुलामुलींच्या एअर रायफली देखभालीसाठी माझ्याकडे येतात, आणि चैत्र सरत आला की त्यांच्यासोबत एक तक्रार हटकून येते: सिलिंडर आट्यांत असे बसले आहे की हाताने रेसभरही फिरत नाही. अशा वेळी पाइप पाना शोधण्याची जी घाई सर्वांना होते, ती आवरणे हेच या कामातले पहिले कौशल्य, असे माझे मत आहे.

कारण येथे अडचण केवळ गंजाची वा धुळीची नसते. 10 मीटर स्पर्धेच्या रायफलीत नळीखाली बसणारे हे सिलिंडर पूर्ण भरले म्हणजे त्यात 200 बार दाब असतो, अर्थात आतल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे 204 किलोचा भार. ते आट्यांवर चढवताना रायफलीतली पिन त्याच्या तोंडची झडप आत ढकलते, हवा दाबनियंत्रकाकडे जाते, आणि तीच हवा सिलिंडरला बाहेर रेटू लागते. तो सारा रेटा आटे सोसतात आणि एक लहानशी ओ-रिंग हवेला अडवून धरते. एरवी उतरवताना आरंभीच्या वेढ्यांत झडप मिटते, मधली हवा फुस्सकन निघून जाते आणि उरलेले काम दोन बोटांचे होते. परंतु ओ-रिंग कोरडी पडून धातूला चिकटली, तापीकाठच्या काळ्या मातीची धूळ आट्यांत शिरली, किंवा कोणी गरजेपेक्षा अधिक आवळले, म्हणजे तो पहिला वेढाच मिळत नाही.

खानदेशच्या उन्हाळ्याचा यात मोठा वाटा आहे. बंदिस्त हवेचा दाब तापमानाबरोबर वाढत असल्याने वातानुकूलित दालनात 20 अंशांवर 200 बार भरलेले सिलिंडर 45 अंशांच्या दुपारी 217 बारपर्यंत चढते, आणि त्याच उष्णतेने ओ-रिंगवरचे वंगणही सुकते. बंद जागेतून हवा निसटू न देण्याची ही विवंचना फार जुनी आहे. सुमारे 1780 साली ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी बार्तोलोमेओ जिरार्दोनीने केलेल्या वायुबंदुकीत दस्ता हीच आट्यांवर बसणारी हवेची टाकी होती, आणि तिची चामडी वेष्टने ओली ठेवण्याची तसदी शिपायांना घ्यावी लागे.

तेव्हा इलाज असा, की प्रथम हवेला वाट द्यावी. रायफल रेंजवर नेऊन, नळी लक्ष्याकडेच धरून, पेलेट न घालता चाप ओढीत राहावे. मापकाचा काटा शून्यावर आला तरी फुंकर ऐकू येईनाशी होईपर्यंत थांबू नये, कारण काटा अडकलेला असू शकतो. वेळ बराच लागतो, पण एकदा रेटा गेला की जे सिलिंडर सकाळी पहाडासारखे अचल वाटत होते ते बहुतेक वेळा रबरी कापडाच्या पकडीने, दोन्ही हातांच्या संथ पिळ्याने सुटते. न सुटल्यास पट्ट्याचा पाना वापरावा, दातेरी पाना वा व्हाइस कदापि नाही, कारण अॅल्युमिनियमच्या अंगावरचा खोल ओरखडा पुढल्या भरणीत तडा जाण्याची जागा ठरू शकतो. आच तर मुळीच दाखवू नये. आचेने या मिश्रधातूचे बळ कायमचे जाते. गंज सुटावा म्हणून खनिज तेल सोडण्याची सवय येथे घातक आहे. दाबाने तापलेल्या हवेत तेल डिझेल इंजिनात पेटते तसे पेटते, सबब सिलिकॉनचे वंगण तेवढेच चालते. फिरवताना हवा अखंड सुटत राहिली, तर झडप मिटलेली नाही असे समजावे आणि सारी हवा निघून जाईतो हात तेथेच थांबवावा.

एवढे करूनही जे हलत नाही, ते जाणत्या बंदूक-कारागिराकडे पाठवावे. त्यात कमीपणा नाही.

सिलिंडर सुटले की आटे मऊ कापडाने पुसून ओ-रिंग नवी घालावी, आणि मग अंगावर कोरलेली तारीख वाचावी. या सिलिंडरांची मुदत बहुधा 10 वर्षांची असते, आणि ती पाळण्याची जबाबदारी आंतरराष्ट्रीय नियमांनीही नेमबाजावरच टाकली आहे. रायफल महाग असल्याने मुदत उलटलेले सिलिंडर आणखी एक हंगाम चालवण्याचा मोह आपल्याकडच्या पालकांना होतो, हे मी जाणतो. तरी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, की तारीख टळलेले सिलिंडर कितीही सुस्थितीत दिसो, ते पुन्हा भरू नये.