कुकडीकाठचे दोन दिवस

मंडळी, नात्यातली लेकरं दोन दिवस सांभाळायची पाळी तुमच्यावरही कधीतरी आली असेल. फाल्गुनात ती माझ्यावर आली. वहिनीच्या वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी भाऊ-वहिनी पुण्याला गेले आणि थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहा वर्षांची अशी भाचरं शनिवारी सकाळी माझ्या दारात उतरली.

पहिला दिवस गोठ्यात, विहिरीवर अन् कांद्याच्या वाफ्यांत गेला. रात्री मात्र धाकटीनं आईची आठवण काढून उशी भिजवली. तिची समजूत घालताना मी बोलून गेले, "उद्या तुला नदीतले दगडाचे रांजण दाखवते." लगेच रडं थांबलं!

हे रांजण म्हणजे निघोजचे रांजणखळगे. आमचा शिरूर तालुका कुकडीच्या अलीकडे, पारनेर तालुक्यातलं निघोज पलीकडे. नगर जिल्ह्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, त्यात ते येतं. लग्न होऊन आल्यापासून मी मळगंगेच्या दर्शनाला कितीदा गेले, पण त्या खळग्यांकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

दशम्या, शेंगदाण्याची चटणी अन् कांदा फडक्यात बांधून रविवारी आम्ही निघालो. पाणी ओसरलेलं होतं. काळ्या कातळात कुठे घागरीएवढे, कुठे माणूस बुडेल एवढे गोल खळगे दिसत होते. "आत्या, कुठल्या कुंभारानं घडवले गं?" धाकटीनं विचारलं.

काय सांगावं? मी तिला जात्याची आठवण दिली. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी तप्त लाव्हा थंड होऊन आपल्याकडचा हा कातळ झाला. नदीला पूर आला की कठीण गोटे फटीत अडकतात, भोवऱ्यात गरगर फिरतात अन् कातळ दळत राहतात. हजारो वर्षांच्या दळणानं हे रांजण झाले. एका उथळ खळग्याच्या तळाशी गुळगुळीत गोटे होते. धाकटी म्हणाली, "हेच ते कुंभार!"

मी हसत होते, तेवढ्यात थोरला पुढं पळाला. शेवाळावर पाय घसरला आणि एका खोल खळग्याच्या काठाशी तो बसकन आपटला. मी सदरा धरून मागं ओढलं. खाली हिरवंगार पाणी होतं. माझे हातपाय गळाले. त्यानंतर घरी येईपर्यंत दोघांचे हात मी सोडले नाहीत.

वाटेत थोरला म्हणाला, "आत्या, आईला सांगू नकोस." मी म्हटलं, "चूक तुझी नाही रे, माझी. म्हणून मीच सांगणार." संध्याकाळी वहिनी आली. मी सगळं सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "वन्सं, सांगितलंत म्हणून बरं वाटलं. मे महिन्यात दोघांना पुन्हा धाडते."

तेव्हा मंडळी, लेकरं तुमच्याकडे आली तर नुसता खाऊ देऊन घरात बसवू नका. गावाजवळचं जे आपण रोज पाहून न पाहिल्यासारखं करतो, ते त्यांना दाखवा. निघोजला गेलात तर पावसाळ्यात किंवा नदीला पाणी सोडलं असताना कातळावर उतरू नका. लेकरांचा हात सोडू नका. अन् दुसऱ्याची ठेव परत करताना हिशेब चोख द्या. विश्वास त्यानंच टिकतो.

धाकटीनं तिथला एक गोटा घरी नेला आहे. आईला सांगते म्हणे, "हा कुंभार आहे."