निखाऱ्यांवरील पंगत

गेल्या पौषांत नातीच्या शाळेच्या गाईड-पथकाबरोबर मुळशीकडील एका शेतांत रात्र काढण्याचा योग आला. साठी उलटलेल्या संस्कृतच्या मास्तरास मुलींच्या शिबिरांत काय काम, असें कोणी विचारील. काम एवढेंच कीं, रात्रीं नक्षत्रें दाखविणारा कोणी वडीलधारा हवा होता, व आम्हांस मृग आणि रोहिणी ओळखतां येतात.

जेवणाची वेळ झाली, तरी चूल नाहीं, पातेलें नाहीं, पोळपाट नाहीं. पथकाच्या ताईंनीं पावाचे काप मांडले. उकडलेला बटाटा, हिरवी चटणी, कांदा व चीज मध्यें घालून मुलींनीं सँडविचें रचलीं, बाहेरून लोणी फांसलें, आणि एकेक सँडविच ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पत्र्यांत, म्हणजे मुली ज्याला फॉइल म्हणतात त्यांत, गुंडाळलें. कडा दोनदां दुमडल्या, म्हणजे वाफ आंतच राहते. मग जाळ बसून निखारे पांढरट होईपर्यंत सर्वजणी थांबल्या. पुडी ज्वाळेंत ठेवली तर पाव बाहेरून करपतो व आंतून गारच राहतो, असें ताईंचें सांगणें. निखाऱ्यांवर एका बाजूस चार मिनिटें, चिमट्यानें उलटून दुसऱ्या बाजूस चार मिनिटें. पुडी उघडावी तों काप सोनेरी व चीज वितळलेलें. माणशीं खर्च २५ रुपयांच्या आंत, आणि घासावयाचें भांडें एकही नाहीं.

या पाव-प्रकरणाकडे आम्हीं प्रथम नाक मुरडूनच पाहिलें, हें कबूल केलें पाहिजे. पण पाहतां पाहतां ओळख पटली. हा तर आयुर्वेदांतील पुटपाक! ओली वनस्पति वाटून पानांत गुंडाळावी, वर मातीचा लेप द्यावा, अग्नींत भाजावी आणि मग तिचा रस पिळून घ्यावा, अशी ती रीत. केळीच्या पानांत भाजलेली कोंकणांतील पानगी, किंवा वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यांत कोंडून भाजलेली रायगडकडील पोपटी, हीं याचींच भावंडें. आवरण पानाचें असो, मातीचें असो वा धातूचें असो, न्याय एकच: ताप आंत जावा, रस बाहेर जाऊं नये.

आणि हा धातु तरी काय सामान्य? १८८४ सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर ॲल्युमिनियमची टोपी बसविली, तेव्हां त्याचा भाव चांदीच्या बरोबरीचा होता. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू यांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विद्युत्प्रवाहानें तो वेगळा करण्याची युक्ति शोधली. तेव्हांपासून उतरत उतरत तो आज पावाच्या पुडीपर्यंत आला आहे. जें स्वस्त झालें तें हलकें झालें, असें आपण उगाच समजतों. स्वस्त झालें म्हणजे सर्वांच्या हातीं आलें, एवढाच त्याचा अर्थ.

तो अर्थ आम्हांस त्या रात्रीं समोर दिसला. निखाऱ्यांभोंवतीं ४० मुली बसल्या होत्या. ४० पुड्या सारख्याच चकचकीत, आणि आंत सारखेंच अन्न. त्यांत एक डॉक्टरांची मुलगी होती, तशीच एका इमारतीच्या पहारेकऱ्याचीही होती. कोणती कोण, हें पुड्यांवरून सांगतां येईना. तें पाहतांना आम्हांस एकाएकीं पांडवगड आठवला.

१९८७ सालीं, वाईस शिक्षक असतांना, आम्हीं वर्गाची सहल त्या गडावर नेली होती. प्रत्येकानें आपापला डबा आणावा, ही सूचना आमचीच. वर पोंचल्यावर मुलांनीं डबे उघडले, आणि आम्ही मास्तरकीच्या भरांत रांगेंतून फिरत एकेकाचें कौतुक करूं लागलों: याच्या गुळपोळ्या, त्याचा साखरभात. रांगेच्या टोकाशीं एक मुलगा डबा मांडीवर घेऊन, झांकण न काढतां बसला होता.

"काय रे, उघड की!" आम्ही म्हणालों.

"गुरुजी, मला भूक नाहीं."

मुलें हंसलीं. आम्हीही हंसलों व पुढें गेलों. उतरतांना त्याचा डबा हातांतून सुटून झांकण उघडलें. आंत कांहीं नव्हतें. त्यानें तो उचलला, झांकण लावलें, आणि आमच्याकडे पाहिलें नाहीं. त्यानंतर तो कोणत्याच सहलीस आला नाहीं, व कारण विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

पंक्तिप्रपंच हा समास आम्हीं वर्गांत कितीदां तरी सोडविला असेल. एका पंक्तींत बसलेल्यांना वाढतांना भेद करणें, हा तो दोष. गडावर आम्हीं कोणाला कांहीं वाढलें नव्हतें. तरी तो दोष आमच्याच जिभेनें केला. भवभूतीनें उत्तररामचरितांत रामाच्या कोंडलेल्या शोकाला पुटपाकाचीच उपमा दिली आहे. त्या थोर शोकाशेजारीं आपलें शल्य मांडणें धार्ष्ट्याचें होईल; परंतु ती उपमा पाठशाळेंत पाठ झाली असली, तरी समजली त्या उतारावर.

"आजोबा, उघडा ना, निवेल," नात म्हणाली. आमच्या हातांतील पुडी तशीच राहिली होती. आम्हीं ती उघडली व खाल्ली. चव चांगली होती.

हा प्रकार करून पाहणारांस दोन सूचना. लिंबू, चिंच, टोमॅटो यांसारखे आंबट पदार्थ या पत्र्यांत फार वेळ ठेवूं नयेत. आंबटानें हा धातु खाल्ला जातो. आणि वापरलेले पत्रे रानांत टाकूं नयेत. ते कुजत नाहींत, उलट वितळवून पुन्हा उपयोगी पडतात. ताईंनीं ते मोजून परत घेतले होते.

तिसरी सूचना सहल नेणाऱ्या शिक्षकबंधूंस व भगिनींस. घरून डबे मागवूं नका. साधा शिधा एकत्र आणा, सर्वांच्या हातांनीं रांधा, आणि सर्वांना एकच द्या. आम्हांस हें फार उशिरां सुचलें.