बाजूला बसून

मोहाडी, १४ जुलै, सोमवार

पहाटेपासून झड लागलीय. रोवणीचे दिवस, बाया उजाडताच पऱ्हे रोवायला बांध्यांवर गेल्या. अंगणवाडीच्या दारात एक आठ वर्षांची पोर उभी, पाठीवर दप्तर, कडेवर तीन वर्षांची बहीण. ‘तू शाळेत जा,’ म्हटलं, तर म्हणते, ‘थे रडते ना, बाई.’

रडलीच. मी समजूत घातली नाही. शेजारी फतकल मारून तांदूळ निवडत बसले. हुंदके कमी होत गेले आणि बऱ्याच वेळानं एक चिमुकलं बोट सुपात शिरलं. खडा सापडला. मग दुसरा. थोरली तोवर शाळेत पोचली होती. प्रार्थना तेवढी हुकली.

संध्याकाळी पोरींच्या आईला सांगितलं, थोरलीनं बहिणीला खेळवावं, भरवावं, पण शाळा बुडवून नाही. रोवणी संपेपर्यंत धाकटीला सकाळी मीच घरून आणीन.

१९ जुलै, शनिवार

आज दंडाची मापं घेतली. एका पोराची पट्टी १२.२ सेंटीमीटरवर थांबली. साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पिवळा पट्टा, मध्यम कुपोषणाचा. उपकेंद्रात दाखवायला सांगितलं. आई म्हणाली, ‘मोबाइल दाखवल्याशिवाय तोंडच उघडत नाही.’

पोरगं दोन वर्षांचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. पण नुसता मोबाइल हिसकावला तर घर डोक्यावर घेईल. म्हणून तिला म्हटलं, समोर बसून चमचा तोंडात कोंबू नको. तू जेवायला बसलीस की त्याची वाटी तुझ्या ताटाशेजारी ठेव. वरणभात थोडाच वाढ, वर चमचाभर तेल, कधी उकडलेलं अंडं. सांडू दे. अर्ध्या तासानं वाटी उचल, रागावू नको.

तिला हे सांगताना आमचं प्रशिक्षण आठवलं. त्यात ताराबाई मोडकांचं नाव यायचं. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. वस्तीतली पोरं बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन बसवली. ‘अंगणवाडी’ शब्दातलं अंगण तिथलं.

१० ऑगस्ट, रविवार

दिव्याखाली अंधार. माझा थोरला दहावीत. चाचणीचे गुण विचारायला त्याला खुर्चीवर बसवलं, समोर मी. ‘बरे आहेत.’ आणखी विचारलं. उठून आत गेला, दार लोटलं. दिवसभर लोकांच्या पोरांशेजारी मांडी घालते आणि घरी आले की फौजदार होते.

रात्री एकपर्यंत त्याच्या खोलीत उजेड असतो. या वयात आठ ते दहा तास झोप हवी. आजपासून दहाला फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. त्याचा आणि माझाही. माझाही म्हटल्यावर त्यानं वाद घातला नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

आज पोळा, उद्या तान्हा पोळा. जावेच्या चार वर्षांच्या छोटूसाठी माळ्यावरून लाकडी बैल काढला. थोरल्याचाच जुना. एक चाक गेलेलं. थोरला न सांगता जुनी चप्पल घेऊन बसला, तळव्यावर वाटी ठेवून पेनानं गोल आखला आणि कापू लागला. मी बाजूला शिंगांना बेगड लावत होते. आंधळगावच्या कोसा साडीची चिंधी झुलीसाठी ठेवली होती.

चाकावरची नजर न काढता तो म्हणाला, ‘आई, गणितात सात मिळाले. वीसपैकी.’

ओठांवर बरंच काही आलं होतं. बेगड चिकटवून झाली, मग विचारलं, ‘कुठे अडतं?’

‘वर्गसमीकरणं. सूत्र पाठ आहे, कुठे घालायचं ते समजत नाही.’

सरांना विचारायचं ठरलं. विचारणार तोच; मी फाटकापर्यंत जाणार.

२३ ऑगस्ट, शनिवार

छोटू बैल ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघाला. थोरला पंधरा पावलं मागे, जणू आमचा कोणी नाहीच. तिसऱ्या घरापाशी चाक निसटलं. थोरल्यानं इकडेतिकडे पाहिलं, वर्गातलं कोणी नाही अशी खात्री केली आणि भर रस्त्यात उकिडवा बसला.

संध्याकाळी छोटूनं बोजाऱ्यातले दहा रुपये त्याच्या हातावर ठेवले. म्हणाला, ‘चाकाचे.’