जात्यावरच्या ओवीस

तीर्थस्वरूप ओवीस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

इकडची खुशाली अशी की तुझं दप्तर नीट लागलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्यांसह हजाराहून अधिक गावांतून तुला गोळा केलं; लाखावर ओव्या झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळानं त्या लोकांपुढं मांडल्या, बायांच्या आवाजासकट. बीड-परभणीकडच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही त्यात आहेत. शाळेची पायरी न चढलेल्यांचं म्हणणं टिकलं, याचा फार आनंद वाटतो.

पण तक्रारही आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि तू कुणाला न सांगता निघून गेलीस. जातं सुटलं ते बरंच झालं. पहाटे उठून जोंधळे दळताना खांदे कसे भरून यायचे, ते बायांनाच ठाऊक. पण दळणाबरोबर मनातलं बोलायची जागाही गेली. पट्ट्याच्या खडखडाटात डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईनं कुणाशी बोलावं?

आजीला ‘कशी आहेस’ विचारलं की ‘बरी आहे’, एवढंच. जात्याशी मात्र एक पाय लांब करून, मुठीनं वैरण घालत ती आधी देवांची नावं घ्यायची, मग माहेर, मग भाऊराया. दळण सरत आलं की खरं दुखणं. तान्हेपणी गेलेल्या लेकीचं नाव तिनं आमच्यापुढं कधी काढलं नाही, तुझ्यात काढायची. समोर बसलेली थोरली जाऊ तीच ओळ उचलून पुन्हा म्हणायची. सांत्वन म्हणून तेवढंच, आणि ते पुरायचं.

समोर बसवून ‘बोल, मन मोकळं कर’ म्हटलं की माणसाचं तोंड मिटतं. तू हाताला काम दिलंस, नजरेला नजर भिडू दिली नाहीस, आणि यमक जुळेतो थांबायला लावलंस. त्या थांबण्यात नेमकं काय सलतंय ते बाईला सापडायचं. सासुरवास सासूच्या कानावर जायचा आणि तिला काही बोलता यायचं नाही, कारण ती ओवी होती.

कवयित्री बहिणाबाई चौधरींनाही लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. तेव्हा एवढंच मागणं: कुणी विचारलं तर रुसू नकोस, ओठांवर ये. आणि वाचणाऱ्यांनो, घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ शेंगा सोलायला बसा, तिला विचारून फोनवर आवाज टिपून घ्या. जात्यावर गायलेल्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत.

कळावे, लोभ असावा.