पोटापाण्याचा खेळ

गेल्या श्रावणात आमच्या घरात एक वादळ उठले आणि त्याला कारण झाला एक चेंडू. चेंडू म्हणजे चांगला भोपळ्याएवढा, नारिंगी रंगाचा आणि अंगणात आपटला की माडीवरच्या माझ्या खाटेला हादरा देणारा! आमचे नातवंड इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एके रात्री ताकाचा पेला खाली ठेवता ठेवता त्याने जाहीर केले, "मला कॉलेज सोडायचंय. मी बास्केटबॉल खेळणार. पोटासाठी."

'पोटासाठी' हा शब्द कानी पडताच सूनबाईंच्या हातातला भाताचा डाव जागच्या जागी थांबला. चिरंजीव काहीच बोलले नाहीत. ते नुसते उठले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सूनबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाबा, तुम्हीच त्याला चार शब्द सांगा. तुमचं ऐकतो तो." या वयात आपले कोणी ऐकते, ही कल्पना मोठी सुखाची असते. मी लगेच कबूल झालो.

मी जन्मभर बँकेत खतावण्या लिहिल्या. जमा आणि नावे या दोन बाजू सोडून मला जगात तिसरी बाजू दिसत नाही. तेव्हा मी नातवाला माडीवर बोलावले आणि समोर कोरा कागद ठेवला. पण मी तोंड उघडण्याआधीच त्याने आपला हुकमाचा एक्का टाकला.

"आजोबा, झहीर खान आपल्या श्रीरामपूरचाच ना? त्यानंही इंजिनिअरिंग सोडलंच होतं!"

आता आली का पंचाईत! आमच्या नगर जिल्ह्यात (नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण जुन्या जिभेला नगरच सोपे जाते) हे उदाहरण देणाऱ्यापुढे कोणाचे काही चालत नाही. माझी नोकरीतली चार वर्षे श्रीरामपूरला गेली. उसाच्या गाड्या, गुऱ्हाळांचा वास आणि गावचे नाव श्रीरामपूर असून 'बेलापूर' अशी पाटी मिरवणारे ते स्टेशन, हे सारे मला पाठ आहे. त्या गावात ७ ऑक्टोबर १९७८ रोजी झहीर जन्मला. वडील छायाचित्रकार, आई शिक्षिका. म्हणजे घर तुमच्या-आमच्यासारखेच, महिन्याच्या शेवटी हिशेब जुळवणारे. मुलगा इंजिनिअरिंगला लागला, म्हणजे अशा घराची गंगा काशीला पोचली! आणि तरीही वडिलांनी त्याला क्रिकेटसाठी मुंबईला नेले. इंजिनिअर देशात पुष्कळ आहेत, तू वेगवान गोलंदाज हो, अशा अर्थाचे काही ते मुलाला म्हणाले, असे सांगतात.

"बघा!" नातू म्हणाला.

"थांब," मी म्हणालो, "अजून नावे बाजू लिहायची आहे."

मग आम्ही दोघे मिळून झहीरचे खाते उतरवायला बसलो. मुंबईत नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये सुधीर नाईकांसारखा जाणता गुरू त्याला भेटला. पुढे चेन्नईला वेगवान गोलंदाज घडवणाऱ्या एम. आर. एफ. फाउंडेशनचे दार उघडले. मुंबईच्या संघात जागा नव्हती, तर बडोद्याने घेतले. २०००-०१ च्या मोसमात बडोद्याने रणजी करंडक जिंकला, त्यात त्याचा मोठा वाटा होता. ऑक्टोबर २००० मध्ये तो नैरोबीला भारतातर्फे खेळलाही. एका पायरीवरून पाय उचलावा, तो दुसरी पायरी तयारच! पायऱ्या चढल्या त्यानेच, यात शंका नाही. पण जिना आधीच बांधलेला होता.

नातू थोडा गप्प झाला. मी मात्र लिहिता लिहिता भलत्याच जागी अडकलो. २३ मार्च २००३. जोहान्सबर्गला विश्वचषकाची अंतिम लढत. झहीरच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. सारा सामना हातचा गेला, आणि आपल्या लोकांनी पुढे कित्येक वर्षे ते एक षटक त्याच्या नावावर लिहून ठेवले. त्यानंतर दुखापती झाल्या आणि संघातली जागाही गेली. २००६ साली हा माणूस इंग्लंडातल्या वूस्टरशायर परगण्याकडून पगारी खेळाडू म्हणून खेळायला गेला. वय सत्तावीस. थंडीवाऱ्यात आज या गावी, उद्या त्या गावी गोलंदाजी करायची, हेच काम. त्याने आपली धाव आखूड केली, नव्याने धंदा शिकला आणि त्या मोसमात ७८ बळी घेतले. पुढच्याच वर्षी भारताने इंग्लंडात २१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकली, तेव्हा ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याचे नऊ बळी होते. आणि २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाची अंतिम लढत पुन्हा आली, तेव्हा त्याच्या पहिल्या पाच षटकांत धावा गेल्या अवघ्या सहा! २०१५ साली निवृत्त झाला तेव्हा ९२ कसोट्यांत ३११ बळी जमेला होते.

मला वाटते, झहीरने इंजिनिअरिंग सोडले ही त्याच्या चरित्रातली फार लहान गोष्ट आहे. सोडणे सोपे असते. १५ धावांच्या त्या षटकानंतर त्याने क्रिकेट सोडले नाही, ही मोठी गोष्ट.

"पण तुझ्या खेळाचा जिना कुठे आहे?" मी नातवाला विचारले.

आता बोलण्याची पाळी त्याची होती, आणि तो अगदी खरे बोलला. हा खेळ काढला एका शिक्षकाने. १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी, हिवाळ्यात कोंडलेल्या मुलांना काहीतरी उद्योग हवा म्हणून जेम्स नेस्मिथ यांनी भिंतीच्या कठड्याला फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. तिकडे त्या टोपल्यांतून आज कोट्यवधी डॉलर निघतात. आपल्याकडे? भारताचा पुरुष संघ ऑलिंपिकला एकदाच गेला, १९८० साली मॉस्कोला, तोही बऱ्याच देशांनी बहिष्कार घातला म्हणून. २०१५ साली एक व्यावसायिक लीग निघाली, ती २०१७ नंतर बंद पडली. मग २०२२ साली दुसरी आली. खेळाडूंची चूल पेटते ती बहुधा रेल्वे, सेनादले, ओ. एन. जी. सी. किंवा एखादी बँक यांच्या नोकरीवर.

"आणि सतनाम सिंग?" मीही थोडे वाचून ठेवले होते.

पंजाबातल्या बल्लोके या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत शिकला, २०१० साली चौदाव्या वर्षी शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. इंग्रजीचा गंध नाही. जून २०१५ मध्ये अमेरिकेच्या एन. बी. ए. मधल्या डॅलसच्या संघाने त्याला ५२ वा म्हणून निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पण एन. बी. ए. च्या एकाही सामन्यात त्याला मैदानात उतरता आले नाही. दुय्यम लीग झाली, भारत झाला, कॅनडा झाला. २०२० साली उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी आली, आणि २०२१ मध्ये तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात शिरला.

कागद दोन्ही बाजूंनी भरला. शिल्लक काढायची म्हटले, तर ती निघेना. नातू शांतपणे म्हणाला, "आजोबा, हे सगळं मला माहीत होतं. तरी मी विचारलं." आणि चेंडू काखेत मारून जिना उतरला.

त्या रात्री मी चिरंजीवांना सगळे सांगितले. सांगताना एक जुने खाते आपोआप उघडले. चिरंजीव स्वतः शाळेत हा खेळ खेळत. चांगले खेळत, असे त्यांचे मास्तर सांगत. बारावीच्या वर्षी मी त्यांचे बूट कपाटात घालून कुलूप लावले. ते इंजिनिअर झाले, नोकरी उत्तम केली, कधी तक्रार केली नाही. पण त्या मैदानावरून जाताना ते पलीकडचा रस्ता धरतात, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे.

"मी तेव्हा नाही म्हणालो, त्याचा राग आहे का रे तुझ्या मनात?" मी विचारले. असले प्रश्न आमच्या पिढीला विचारता येत नाहीत, कसाबसा विचारला.

चिरंजीव बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "नाही म्हणालात त्याचं काही नाही, बाबा. तुमचंही बरोबर होतं. पण चार वर्षं मी खेळत होतो. तुम्ही एकदाही बघायला आला नाहीत."

वाचकहो, जन्मभर दुसऱ्यांची खाती तपासणाऱ्या माणसाची चूक अशी एका वाक्यात सापडते. मी जे बंद केले, ते काय होते, हे मी कधी पाहिलेच नव्हते! खेळून पोट भरेल का, हा प्रश्न बापाने विचारू नये असे मी अजूनही म्हणणार नाही. पोट सर्वांनाच आहे. पण जी वस्तू आपण पाहिली नाही, तिची किंमत आपण कशी काय लावतो?

पुढच्या रविवारी नातवाचा सामना होता. मी, चिरंजीव आणि सूनबाई तिघेही गेलो. सिमेंटच्या पायरीवर उशी घालून बसलो. नियम मला कळले नाहीत. एकदा तर मी दुसऱ्याच संघाला टाळ्या वाजवल्या, आणि चिरंजीवांनी हळूच माझा हात धरला. नातवाचे दोन सोपे चेंडू रिंगला लागून बाहेर आले. त्याने आमच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वळला आणि आपल्या जागेकडे धावत सुटला. मला जोहान्सबर्ग आठवले. त्याचा संघ हरला.

कॉलेजचे काय, ते अजून ठरलेले नाही. या सत्राची फी भरली आहे, आणि रेल्वेच्या क्रीडा कोट्यातल्या भरतीची माहितीही चिरंजीवांनीच काढून आणली आहे. सूनबाई अधूनमधून रागावतात. मी शिल्लक काढायचे सोडून दिले आहे.

मात्र हल्ली पहाटे साडेपाचला अंगणात चेंडू आपटला की माझी खाट हादरते, आणि मी कूस बदलत नाही. उठतो, शाल पांघरतो आणि खिडकीत जाऊन बसतो. परवा पाहिले, तर अंगणात चेंडू एकच होता, पण खेळणारे दोघे होते.