सातपुड्याचा हरवलेला पिंगळा

मुलांनो, खानदेशचा नकाशा समोर घ्या बरं. मधून तापी वाहते आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे. तिच्या उत्तरेला रावेर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा ही गावं एका माळेत ओवल्यासारखी दिसतील. यांपैकी कुठल्याही गावी जा आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. समोर निळसर डोंगरांची लांबच लांब भिंत दिसते ना? तोच आपला सातपुडा. त्याच्या पलीकडे नर्मदा.

आज आपण या डोंगरात पक्षी बघायला जाणार आहोत. त्यातला एक पक्षी तर असा आहे, की तो तब्बल ११३ वर्षं कुणाला सापडतच नव्हता. तो हरवला कसा आणि सापडला कसा, ही गोष्ट एखाद्या रहस्यकथेपेक्षा कमी नाही. पण आधी जंगल तर बघू या.

सावदा-रावेरकडच्या केळीच्या बागा मागे पडल्या, की रस्ता हळूहळू चढू लागतो आणि आपण पालला पोहोचतो. इथून जवळच यावलचं अभयारण्य आहे. १९६९ साली सरकारने ते जाहीर केलं. विस्तार सुमारे १७५ चौरस किलोमीटर. अनेर आणि सुकी या नद्या याच डोंगरांतून वाहतात. आत जायचं तर वनखात्याची परवानगी घ्यायची, डब्यात भाकरी आणि ठेचा घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे तोंडाला कुलूप लावायचं. गलका केलात, की पक्षी गेलेच म्हणून समजा!

जायचं केव्हा? फेब्रुवारी-मार्चमध्ये. तुम्ही म्हणाल, तेव्हा तर जंगल वाळलेलं असतं. अहो, म्हणूनच! सागाची पानं झडलेली असतात, त्यामुळे फांदीवर बसलेला पक्षी चटकन दिसतो. आणि पळस फुललेला असतो. केशरी फुलांनी डवरलेला पळस म्हणजे पक्ष्यांची पंगतच. इवलासा शिंजीर आपली बाकदार चोच फुलात घालून मध पितो. मैना येतात, बुलबुल येतात. काळाभोर कोतवाल शेपटीची कात्री मिरवत येतो. तांबूस अंगाचा, लांब शेपटीचा टकाचोर कर्कश ओरडत या झाडावरून त्या झाडावर जातो.

आता कान द्या. 'टक्‌ टक्‌ टक्‌' असा भांडी ठोकल्यासारखा आवाज येतोय ना? तो तांबट. तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिराचं नाव त्याला मिळालंय. आणि लाकडावर ठोकल्याचा आवाज आला, तर तो सुतार पक्षी. हे दोघेही झाडात स्वतः ढोली कोरतात. ढोली म्हणजे खोडातली पोकळी.

ही ढोली नीट लक्षात ठेवा, कारण जंगलातल्या कितीतरी पक्ष्यांचं ते घर आहे. धनेशाचंच बघा. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. फक्त एक फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. पण धनेशाला, पोपटाला, पिंगळ्याला खोड कोरता येत नाही. त्यांना आयती ढोली लागते. ती मिळते कुठे? जुन्या, जाडजूड झाडांत. लहान झाडाच्या सडपातळ खोडात एवढी पोकळी कुठून असणार? म्हणून म्हातारं झाड तोडलं, की एक झाड जातं आणि त्याबरोबर दोन-चार बिऱ्हाडंही उठतात.

आता आपल्या हरवलेल्या पक्ष्याकडे येऊ. त्याचं नाव रानपिंगळा.

साधा पिंगळा तुम्ही पाहिलेला असेल. गावातल्या जुन्या वडावर, पडक्या वाड्यात राहणारं, डोळे वटारून बघणारं छोटं घुबड. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद, पण जरा धष्टपुष्ट. लांबी सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या मोठ्या पट्टीपेक्षाही कमी. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, याचं डोकं जवळजवळ साधं. पाय जाड, त्यांवर पांढरी पिसं. आणखी एक गंमत म्हणजे हा चक्क दिवसा शिकार करतो! सकाळच्या उन्हात उघड्या फांदीवर बसतो, शेपटी झटकतो, आणि सरडे, उंदीर, नाकतोडे पकडतो.

या पक्ष्याची ओळख जगाला १८७३ साली झाली. अ‍ॅलन ह्यूम यांनी त्याचं पहिलं वर्णन लिहिलं. हे तेच ह्यूम, ज्यांचं नाव काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात येतं. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाचा अधिकारी आपल्या भागात आला. तेव्हा जळगाव, धुळे असे वेगळे जिल्हे नव्हते, सगळा मिळून एकच खानदेश. डेव्हिडसनला शहादा-तळोदा भागात रानपिंगळे सापडले. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याने ते मारून, पेंढा भरून ठेवले. प्रत्येकाच्या पायाला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण. हे नमुने पुढे ब्रिटनच्या संग्रहालयात गेले.

१८८४ नंतर मात्र रानपिंगळा कुणालाच दिसला नाही. वर्षं गेली. लोक म्हणू लागले, संपला असेल.

पण संग्रहालयात आणखी एक नमुना होता. रिचर्ड माइनर्टझहेगन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने दिलेला. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : १९१४, मांडवी. ही मांडवी गुजरातेत, तापीच्याच काठी. माणूस मोठा, पक्ष्यांचा जाणकार म्हणून नावाजलेला. त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार? आपले थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली आणि अमेरिकेचे डॉ. रिप्ले यांनीही रानपिंगळ्याचा शोध घेतला. काही शोध या चिठ्ठीवरच्या ठिकाणाच्या भरवशावर झाले. पक्षी मिळाला नाही. मिळणार कसा? ती चिठ्ठीच खोटी होती!

हे उघडकीस आणलं पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाईंनी. त्यांनी तो नमुना बारकाईने तपासला, क्ष-किरणांनी आतूनही पाहिला. तेव्हा कळलं, की हा तर डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेला पक्षी! माइनर्टझहेगनने तो संग्रहालयातून चोरला, उसवून पुन्हा शिवला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधून परत दिला. एका माणसाला फुकटची शाबासकी हवी होती, आणि जग मात्र चुकीच्या जागी शोधत राहिलं.

मग रासमुसेनबाईंनी ठरवलं, की ती चिठ्ठी विसरायची आणि ज्या चिठ्ठ्या खऱ्या आहेत, तिथेच जायचं. १९९७ च्या नोव्हेंबरात त्या बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या दोन सोबत्यांसह भारतात आल्या. आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी शोधलं, तिथे काही हाती लागलं नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळच्या डोंगरात, एका निष्पर्ण झाडावर, उन्हात बसलेलं ठेंगणं घुबड दिसलं. डोकं साधं, पाय पांढरे आणि जाड. रानपिंगळाच तो! ११३ वर्षांनी! अ‍ॅबट यांनी लगेच त्याचं चित्रीकरण केलं. मुलांनो, शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं. पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ ला, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

एकदा कुठे आणि कसं पाहायचं ते कळलं, तसा रानपिंगळा आणखी ठिकाणी सापडू लागला. तोरणमाळच्या जंगलात, आपल्या यावलमध्ये, मेळघाटात, मध्य प्रदेशात, आणि २०१४ साली तर मुंबईच्या पाण्याचा तलाव आहे त्या तानसाच्या अभयारण्यातसुद्धा. तरीही जगात त्याची संख्या हजाराच्या आतच असावी असा अंदाज आहे. भारत सोडून तो दुसऱ्या कुठल्याही देशात राहत नाही. २०१८ पासून त्याची नोंद जगाच्या 'संकटग्रस्त' पक्ष्यांच्या यादीत आहे. जंगल तुटून शेतं होताहेत, ढोलीची झाडं कमी होताहेत. त्यात घुबड अशुभ म्हणून कुणी दगड मारतो, तर कुणी जादूटोण्याच्या खुळापायी त्याला पकडतो. वर्षभर शेतातले उंदीर खाणारा पक्षी अशुभ कसा हो? घरातल्या मोठ्यांना हे जरूर विचारा.

आणि एक काम तुम्हीही करू शकता. वहीचं एक पान घ्या आणि चार रकाने आखा : तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं. अंगणातली चिमणी, विहिरीवरचा खंड्या, तारेवरचा कोतवाल, जे दिसेल ते लिहा. ओळखू आला नाही, तर 'ओळखता आला नाही' असंच लिहा आणि त्याचा रंग, चोच, शेपटी टिपून ठेवा. मैत्रिणीच्या वहीत जास्त पक्षी आहेत म्हणून आपल्या वहीत एखादा वाढवू नका. घरट्याजवळ मात्र जायचं नाही, मोबाइलवर फोटो काढायलासुद्धा नाही.

डेव्हिडसनने चिठ्ठीवर दोन ओळी खऱ्या लिहिल्या, म्हणून शंभराहून अधिक वर्षांनी कुणीतरी नेमकं शहाद्याला येऊ शकलं. तुमच्या वहीतली ओळ कधी, कुणाच्या उपयोगी पडेल, काय सांगावं? तेव्हा उद्या सकाळी लवकर उठा. पेन्सिलीला टोक करून ठेवलंय ना?